पत्ता सांगणाऱ्याची जबाबदारी
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नाक्यावरच्या पानवाल्याला दिवसभरात किती माणसे पत्ता विचारतात, याची कधी सहज मोजदाद करून पाहा. अमुक डॉक्टरांचा दवाखाना कुठे, तमुक शाळा कुठे, रेशनचे दुकान कुठे. पानवाला हातातले काम न थांबवता मानेनेच दिशा दाखवतो. आता समजा, एखाद्याने त्याला हळूच विचारले, 'इथे मटका कुठे लावतात हो?' पानवाल्याला ठाऊक असते. त्याने सांगावे का? सांगितले तर तोही त्या धंद्यातला ठरतो का? आणि उद्या पोलीस येऊन उभे राहिले, तर 'साहेब, मी नुसता पत्ता सांगितला', एवढे म्हणून त्याची सुटका होईल का?

प्रश्न साधा वाटतो, पण इंटरनेटच्या जगात याच प्रश्नाने मोठमोठ्या कंपन्यांना आणि न्यायालयांना घाम फोडला आहे. कारण इंटरनेटवरही पत्ते सांगणारे असतात. आज आपण ते काम शोधयंत्राकडून करून घेतो. पूर्वी ते माणसे करत असत. त्या माणसांपुढे जो पेच रोज उभा राहायचा, त्याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

माणसांनी केलेली सूची

१९९४ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी आपल्याला आवडलेल्या संकेतस्थळांची यादी करायला सुरुवात केली. तिचीच पुढे 'याहू' झाली. ग्रंथालयात जशी विषयवार कार्डे लावलेली असतात, तशी ही यादी होती. आरोग्य, खेळ, शिक्षण, प्रवास असे विषय, त्यांच्या पोटात उपविषय आणि प्रत्येक उपविषयाखाली संकेतस्थळांची नावे, सोबत एका ओळीची ओळख.

१९९८ मध्ये रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रुएल यांनी याच कल्पनेला वेगळे वळण दिले. पगारी माणसे संकेतस्थळांच्या पुराला पुरी पडणार नाहीत, तेव्हा हे काम जगभरच्या स्वयंसेवकांवर सोपवावे, असे त्यांनी ठरवले. गंमत म्हणजे हेच स्क्रेंटा १९८२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, 'एल्क क्लोनर' नावाचा संगणक विषाणू लिहून बसले होते. घरगुती संगणकांवर पसरलेल्या अगदी पहिल्या विषाणूंत त्याची गणना होते. त्यांची सूची त्याच वर्षी नेटस्केप कंपनीने घेतली. 'ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट' हे तिचे नाव, आणि 'डीमॉझ' हे तिचे लाडके टोपणनाव.

डीमॉझ मार्च २०१७ मध्ये बंद झाली. तोपर्यंत तिच्यात ३८ लाखांहून अधिक संकेतस्थळे, दहा लाखांहून अधिक वर्ग आणि ९० भाषा होत्या. मराठीचाही विभाग होता. एकूण नव्वद हजारांवर माणसांनी कधी ना कधी तिचे संपादन केले. तिच्या काही संपादकांनी पुढे 'कर्ली' या नावाने तेच काम सुरू ठेवले.

संपादकाचे काम असे चाले. एखाद्या विषयाची जबाबदारी त्याच्याकडे असे. लोक आपली संकेतस्थळे सुचवत. ती रांगेत जमा होत. संपादक एकेक उघडून पाहत असे, वाचत असे आणि योग्य वाटले तर नाव व एक-दोन ओळींची ओळख लिहून नोंद करत असे. नोंदीसाठी पैसा नाही, पगार नाही.

पण या फुकटच्या कामाला वजन मोठे होते. डीमॉझची सगळी सूची कोणालाही विनामूल्य घेता येत असे. गूगलने २००० साली ती घेऊन आपली स्वतःची सूची उभी केली आणि २०११ पर्यंत चालवली. इतर शोधयंत्रांनीही ती वापरली. म्हणजे कुठल्याशा गावातल्या संपादकाने रात्री जेवण आटोपल्यावर केलेली एक नोंद थोड्याच दिवसांत अनेक ठिकाणी उमटत असे. नोंद चांगली असेल तर भले अनेकांचे, आणि एखाद्या ठकाची असेल तर नुकसानही अनेकांचे.

'बेकायदा' म्हणजे नेमके काय?

बेकायदा मजकूर असलेली संकेतस्थळे नोंदवायची नाहीत, असा डीमॉझचा नियम होता. कोणीही मान डोलवावी असा तो नियम. अडचण पुढे सुरू होते. बेकायदा म्हणजे कुठल्या कायद्याने? आणि ते ठरवायचे कोणी?

समजा, आपणच संपादक आहोत. रांगेत जमलेल्या संकेतस्थळांचे ढीग लावू या. म्हणजे लक्षात येईल की 'बेकायदा' या एका शब्दाखाली निदान चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत आणि प्रत्येकीला औषध वेगळे आहे.

पहिला ढीग सगळ्यांत लहान, पण सगळ्यांत गंभीर. मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रे. इथे मतभेदाला जागा नाही. अशी चित्रे म्हणजे प्रत्यक्ष घडलेल्या गुन्ह्याचा पुरावा असतो आणि ती प्रत्येक वेळी पाहिली जाताना त्या मुलावर पुन्हा अन्याय होतो. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने ६७-ब हे कलम आले. त्यानुसार असा मजकूर प्रसिद्ध करणे तर गुन्हा आहेच, पण तो शोधणे, पाहणे, उतरवून घेणे हाही गुन्हा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच गोष्ट अधिक स्पष्ट केली आणि अशा चित्रांना 'पोर्नोग्राफी' म्हणू नका, शोषण म्हणा, असेही सुचवले.

इथे भल्या माणसांचा हमखास गोंधळ होतो. असे काही समोर आले, की 'खात्री करून घेऊ' म्हणून ते पुन्हा उघडतात, 'पुरावा' म्हणून त्याची प्रत ठेवतात, 'बघा काय चालले आहे' म्हणून चौघांना पाठवतात. यातले काहीही करायचे नाही. पान बंद करायचे, पत्ता तेवढा टिपून ठेवायचा आणि ज्यांचे ते काम आहे त्यांना कळवायचे. ब्रिटनमध्ये १९९६ पासून इंटरनेट वॉच फाउंडेशन ही संस्था अशा तक्रारी घेते. आपल्याकडे केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न सांगताही ही तक्रार करता येते. संपादकाचे काम एवढ्यावर संपते. पुढचा तपास पोलिसांचा.

वेशीपलीकडचा कायदा

दुसरा ढीग 'इथे गुन्हा, तिथे धंदा' या प्रकारचा. सावंतवाडीहून पणजीला जाणाऱ्या एस. टी. त बसा. दीड-दोन तासांत आपण अशा ठिकाणी पोचतो, जिथे मांडवी नदीवरच्या बोटींत परवाना घेऊन कॅसिनो चालतात. अलीकडे महाराष्ट्रात जुगार अड्ड्यांविरुद्धचा १८८७ चा कायदा, पलीकडे गोव्याचा १९७६ चा कायदा आणि त्यातल्या पुढच्या सवलती. एवढे लांब कशाला, वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि शेजारच्या नागपूर जिल्ह्यात नाही. एका राज्यात ही तऱ्हा, तर जगाची काय कथा? ब्रिटनमध्ये परवानाधारक कंपनी इंटरनेटवर उघडपणे पैजा घेऊ शकते. आपल्या संसदेने मात्र २०२५ साली पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा केला.

मग ब्रिटिश पैजवाल्याची नोंद करायची की नाही? डीमॉझसारख्या जागतिक सूचीत कुठल्याही एका देशात बेकायदा असलेली प्रत्येक गोष्ट वगळायची म्हटले, तर धर्म, राजकारण, वैद्यक या विषयांतले बरेचसे उडून जाईल. म्हणून संपादकाने दोन प्रश्न विचारायचे. हे संकेतस्थळ जिथून चालते तिथे ते कायदेशीर आहे का? आणि सूची जिथून चालते तिथल्या कायद्याने ही नोंद ठेवता येते का? दोन्हींचे उत्तर 'हो' असेल तर नोंद करायची, आणि ती त्या देशाच्या वर्गात करायची. म्हणजे वाचकाला कळते की हे दुकान कुठल्या गावचे आहे.

पण हा तोडगा सर्वत्र चालत नाही, हे याहूला २००० साली पॅरिसमध्ये कळले. याहूच्या लिलावाच्या पानांवर नाझी काळातली चिन्हे आणि वस्तू विकायला ठेवलेल्या असत. अमेरिकेत ते चालत होते, फ्रान्समध्ये तो गुन्हा. फ्रेंच संघटनांनी दावा लावला. न्यायाधीश झां-झाक गोमेझ यांनी नोव्हेंबर २००० मध्ये आदेश दिला, की फ्रान्समधल्या लोकांना ही पाने दिसणार नाहीत अशी तजवीज तीन महिन्यांत करा, नाही तर रोज एक लाख फ्रँक दंड भरा. याहू अमेरिकेतल्या न्यायालयात गेली, वर्षानुवर्षे वाद चालला. पण जानेवारी २००१ मध्येच कंपनीने अशा वस्तूंचा लिलाव आपण होऊन बंद केला होता.

आपल्याकडचे याहून जवळचे उदाहरण गर्भलिंगनिदानाचे. गर्भातल्या मुलींच्या जिवावर उठलेल्या या तंत्राला महाराष्ट्राने १९८८ साली, इतर राज्यांच्या आधी, कायद्याने वेसण घातली. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि त्याच्या २२ व्या कलमाने अशा चाचणीच्या जाहिरातीवरही बंदी घातली. पण काही देशांत ही चाचणी कायदेशीर आहे आणि तिथल्या कंपन्यांची संकेतस्थळे मुंबईतही उघडतात. साबू जॉर्ज यांनी २००८ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांना उत्तर द्यावे लागले. अशा जाहिराती दिसू नयेत यासाठी २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांच्यावर बंधने घातली आणि २०१७ च्या डिसेंबरात प्रकरण निकालात काढले.

म्हणजे नुसते 'परदेशात चालते' हे उत्तर इथे पुरत नाही. भारतीय वाचकांसाठी सूची करणाऱ्याने अशी नोंद घेणे म्हणजे कायद्याने बंदी केलेल्या चाचणीला गिऱ्हाईक मिळवून देणे. मात्र गर्भलिंगनिदानाचा अभ्यास, त्याविरुद्धची चळवळ, त्या कायद्याची चर्चा यांची संकेतस्थळे खुशाल नोंदवावीत. यावरून तिसऱ्या ढिगाकडे वळता येते.

सांगणे आणि करणे

मटक्याचा इतिहास सांगणारा लेख आणि मटक्याचे आकडे घेणारे पान यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गांजाबाबतचा कायदा बदलावा असे म्हणणारी संघटना कायदा मोडत नाही. घरपोच गांजा पाठवणारा मोडतो. संगणकात घुसखोरी कशी होते हे समजावून सांगणारा शिक्षक वेगळा आणि चोरलेले परवलीचे शब्द विकणारा वेगळा.

पण नवखा संपादक विषय पाहूनच बिचकतो. अमली पदार्थ, शस्त्रे, वेश्याव्यवसाय असे शब्द दिसले, की नोंद नाकारतो. मग होते काय? व्यसन सोडवणाऱ्या केंद्राचे पानही त्याच शब्दांमुळे बाहेर राहते आणि ज्याला त्याची सगळ्यांत जास्त गरज आहे, त्याला ते सापडत नाही. म्हणून विषय काय हे पाहू नये, ते पान प्रत्यक्षात काय करते ते पाहावे. माहिती देते, मत मांडते, की माल विकते? आपल्याला न पटणारे मत हा गुन्हा नसतो. संपादकाला नावडणे आणि कायद्याने निषिद्ध असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चौथा ढीग गाणी, चित्रपट आणि पुस्तके फुकट वाटणाऱ्यांचा. इथे पत्ता सांगणाऱ्याला कायद्याने सर्वांत जास्त वेळा गाठले आहे. न्यूयॉर्कमध्ये २००० साली न्यायाधीश लुईस कॅपलान यांच्यापुढे एक खटला चालला. डीव्हीडीचे कुलूप उघडणारी आज्ञावली '२६००' नावाच्या नियतकालिकाने आपल्या संकेतस्थळावर ठेवली होती. ती काढायला लावल्यावर त्यांनी ती कुठे मिळते त्याचे दुवे दिले. जाणूनबुजून दिलेला असा दुवाही चालणार नाही, असे न्यायालयाने ठरवले आणि वरच्या न्यायालयाने ते कायम केले. स्वीडनमध्ये २००९ साली 'पायरेट बे'च्या चालकांना शिक्षा झाली. त्यांच्याकडे एकही चित्रपट साठवलेला नव्हता, होती ती फक्त कुठे काय मिळेल याची सूची. युरोपच्या न्यायालयाने २०१६ मध्ये एक मोजमाप दिले. दुवा देणाऱ्याला मूळ मजकूर चोरीचा आहे हे ठाऊक होते का, आणि तो दुव्यातून पैसा कमावत होता का?

आता आपला पानवाला आठवा. न्यायालयांनी त्याला हेच दोन प्रश्न विचारले. तुला ठाऊक होते का? आणि मटक्यातला वाटा तुला मिळत होता का?

अमेरिकेच्या १९९८ च्या स्वामित्वहक्क कायद्यात तर सूची आणि दुवे यांचा नावाने उल्लेख आहे. सूची करणाऱ्याला चोरीची कल्पना नसेल, आर्थिक लाभ नसेल आणि हक्कदाराची रीतसर सूचना येताच त्याने दुवा काढला, तर त्याच्यावर भरपाईचा बोजा येत नाही. याचा अर्थ लाखो नोंदी रोज तपासत बसण्याची सक्ती नाही. मात्र कळल्यावर डोळेझाक करता येत नाही.

आरोप आणि वस्तुस्थिती

पाचवा ढीग मात्र संपादकाची खरी परीक्षा घेतो. एखादे गुंतवणूक कंपनीचे पान नोंदवलेले असते आणि पत्र येते, 'हे ठक आहेत, यांना काढून टाका.' पत्र फसलेल्या माणसाचे असेल किंवा समोरच्या पेढीवाल्याचेही असेल. दोघांची भाषा सारखीच असते.

इथे संपादकाने न्यायाधीश व्हायचे नाही आणि टपाल पेटीही व्हायचे नाही. जेवढे उघडपणे तपासता येते तेवढे तपासायचे. गुंतवणुकीचा सल्ला देणारा 'सेबी'कडे नोंदलेला आहे का, हे सेबीच्या संकेतस्थळावर पाहता येते. पानावर पत्ता आहे का, जबाबदार माणसाचे नाव आहे का? महिन्यात दामदुपटीचे वचन आहे का? एखाद्या न्यायालयाचा किंवा नियामकाचा आदेश आहे का? शंका रास्त वाटली तर नोंद थांबवायची. नोंद मिळणे हा कोणाचा हक्क नाही, त्यामुळे ती न देण्यासाठी गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही.

पण एक पथ्य कटाक्षाने पाळायचे. नोंद ठेवून तिच्यापुढे 'हे फसवे आहेत' असे लिहायचे नाही. संकेतस्थळावरचा मजकूर दुसऱ्याचा असतो, पण ओळखीच्या त्या दोन ओळी संपादकाच्या स्वतःच्या असतात. त्यात बदनामी झाली तर ती त्याची. 'पत्ता दुसऱ्याचा आहे' ही सबब तिथे चालत नाही. शंका असेल तर मुकाट्याने वगळावे, आरोप लिहू नये.

आपल्या कायद्यात मध्यस्थाला, म्हणजे दुसऱ्याचा मजकूर पोचवणाऱ्याला, ७९ वे कलम संरक्षण देते. ते आजच्या रूपात कसे आले त्यामागे एक कथा आहे. २००४ साली 'बाझी डॉट कॉम' या लिलावाच्या संकेतस्थळावर एका विद्यार्थ्याने शाळकरी मुलांची अश्लील चित्रफीत विकायला ठेवली. कंपनीने ती नंतर काढली, तरी प्रमुख अवनीश बजाज यांना डिसेंबरात अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्यांच्यावरची कारवाई रद्द केली. दरम्यान २००८ च्या दुरुस्तीने मध्यस्थांचे संरक्षण रुंदावले आणि मध्यस्थांच्या व्याख्येत शोधयंत्रे, लिलावाची संकेतस्थळे, इतकेच काय सायबर कॅफेही नावानिशी आले. विषयवार सूचीचे नाव त्यात नाही. शिवाय मजकुराची निवड किंवा त्यात बदल स्वतः करू नये, अशी अपेक्षाही त्या कलमात येते. सूचीचा संपादक तर निवडच करत असतो. तेव्हा या छत्रीखाली आपण पूर्ण कोरडे राहू, असे त्याने गृहीत धरू नये.

दुसऱ्या बाजूची चूक

एवढे ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग शंका आली की काढून टाकावे, डोक्याला ताप नको. पण या बाजूच्या चुकीलाही बळी जातात.

सप्टेंबर २००३ मध्ये मेघालयातल्या एका बंडखोर संघटनेशी संबंधित याहू गट बंद करण्याचा आदेश केंद्राने दिला. तो एकच गट कसा अडवायचा हे इंटरनेट कंपन्यांना जमेना, म्हणून त्यांनी सगळेच याहू गट अडवले. त्यात शाळासोबत्यांचे, रुग्णांच्या नातेवाइकांचे, परदेशी गेलेल्या मुलांचे असे असंख्य गट बंद पडले. जुलै २००६ मध्ये मुंबईच्या लोकलगाड्यांतील स्फोटांनंतरच्या आठवड्यात थोडीशी पाने अडवायची होती, तर सगळी 'ब्लॉगस्पॉट' काही दिवस दिसेनाशी झाली. ऑस्ट्रेलियात निषिद्ध संकेतस्थळांची सरकारी गुप्त यादी २००९ साली फुटली, तेव्हा तिच्यात क्वीन्सलंडमधल्या एका दंतवैद्याचे पान निघाले. यादी गुप्त, त्यामुळे बिचाऱ्या डॉक्टरांनी दाद मागायची कोणाकडे? ज्या इंटरनेट वॉच फाउंडेशनचा उल्लेख आधी केला, तिनेही डिसेंबर २००८ मध्ये एका जुन्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनामुळे विकिपीडियाचे एक पान काळ्या यादीत घातले आणि चारच दिवसांत निर्णय मागे घेतला. संस्था भली, हेतू भला, तरी चूक झाली. ती उघडपणे मान्य केली म्हणून दुरुस्त झाली.

आपल्याकडे २०१५ साली श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमका याच धोक्याचा विचार केला. पालघरच्या दोन तरुणींना २०१२ मध्ये फेसबुकवरच्या मजकुरावरून झालेली अटक या खटल्याचे निमित्त होती. न्यायालयाने ६६-अ कलम रद्द केले. त्याच निकालात असेही म्हटले, की कोणीही पत्र पाठवले म्हणून मध्यस्थाने मजकूर काढलाच पाहिजे असे नाही. न्यायालयाचा किंवा सरकारचा रीतसर आदेश आला, तरच त्याला 'कळले' असे धरायचे. नाही तर ज्याचा आवाज मोठा त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्याचे तोंड बंद होईल.

साध्या सवयी

मग संपादकाने करावे काय? उत्तर कायद्याच्या पुस्तकापेक्षा साध्या सवयींत आहे.

एक, पान स्वतः उघडून वाचावे, ऐकीव माहितीवर निर्णय घेऊ नये. दोन, काय पाहिले, कोणत्या तारखेला पाहिले आणि काय ठरवले याची टिपण ठेवावी. उद्या कोणी विचारले तर उत्तर देता येते. तीन, शंकेचे प्रकरण एकट्याने निकालात काढू नये, दुसऱ्या जाणत्या माणसाला दाखवावे. चार, शंका असताना नोंद न करणे हे सोपे आणि कमी नुकसानीचे असते. असलेली नोंद काढताना मात्र कारण पक्के हवे. पाच, ज्या विषयात आपला पैसा किंवा भांडण गुंतले आहे, त्यात निर्णय दुसऱ्यावर सोपवावा. आणि सहा, जुन्या नोंदी पुन्हा पाहत जाव्यात.

हा सहावा मुद्दा लोक विसरतात. संकेतस्थळाचे नाव भाड्याच्या जागेसारखे असते. मुदत संपली आणि मालकाने नूतनीकरण केले नाही, की दुसरा कोणी ते घेतो. कालची शाळा आज जुगाराचे पान होते. शाळेच्या नावाने केलेली नोंद तशीच राहते आणि तिच्यावर विश्वासून मुले भलतीकडे पोचतात. संपादकाने चूक केलेली नसते, पण पत्ता मात्र त्याचाच असतो. असे नाव विकत घेणारे लोक जुन्या नोंदींच्या पुण्याईवरच डोळा ठेवून असतात.

सूच्या मागे पडल्या. याहूनेही २०१४ च्या अखेरीस आपली सूची बंद केली. पण पत्ता सांगण्याचे काम मात्र संपलेले नाही. ते आता आपल्या सगळ्यांच्या हाती आले आहे. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर 'हे बघा, घरबसल्या कर्ज मिळते' म्हणून दुवा पुढे ढकलणारे काका, पालकांच्या गटावर फुकट पाठ्यपुस्तकांचा दुवा देणाऱ्या ताई, हे सगळे आजचे संपादकच. फरक एवढाच, की डीमॉझचा संपादक नोंद करण्याआधी ते पान उघडून वाचत असे.

आपणही तेवढे करू या. पुढे पाठवण्यापूर्वी उघडून पाहू या. कोणी फसलेच, तर सायबर फसवणुकीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायला सांगू या. आणि आपल्याला न पटणाऱ्या माणसावर 'बेकायदा' असा शिक्का मारण्याआधी क्षणभर थांबू या.

राहता राहिला आपला पानवाला. मला विचाराल, तर शहाणा पानवाला मटक्याचा पत्ता विचारणाऱ्याला म्हणतो, 'ते काही मला माहीत नाही बुवा.' पण दवाखान्याचा पत्ता विचारणाऱ्याला तो तसे सांगत नाही. अमुक जागी चोरी होते असे ऐकले म्हणून साऱ्या गल्लीलाच 'तिकडे जाऊ नका' असेही तो सांगत नाही. नाक्यावर त्याचा शब्द चालतो तो एवढ्याच तारतम्यावर.